एका गळ्यातून अख्खा कोरस: आवाजावर आवाज रचून गाणं कसं तयार होतं?

‘इजाजत’ (१९८७) या चित्रपटातलं ‘कतरा कतरा’ हे गाणं हेडफोन लावून ऐका. आशा भोसले गात असतात आणि मध्येच आणखी एक आवाज त्यांच्या आवाजावर येतो. तोही आशा भोसलेंचाच असतो. संगीतकार आर. डी. बर्मन यांनी त्यांच्या आवाजाचे दोन वेगळे ट्रॅक एकमेकांवर ठेवले होते. त्यामुळे गायिका एकच असली तरी ऐकताना दोघी एकमेकींशी बोलत असल्यासारखं वाटतं.

आधी मुद्रित केलेल्या आवाजावर नवा आवाज चढवण्याच्या या पद्धतीला ‘ओव्हरडबिंग’ म्हणतात. आज जवळपास प्रत्येक चित्रपटगीतात ती वापरली जाते. पण एकाच माणसाचा आवाज पुन्हा पुन्हा मुद्रित केला की तो कोरससारखा का वाटतो? आणि आवाजाचा हा खेळ कोर्टापर्यंत कसा गेला? समजून घेऊया.

कॉपी-पेस्ट केलं तर कोरस का होत नाही?

समजा, तुम्ही एक ओळ गाऊन मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि त्याच रेकॉर्डिंगच्या दहा प्रती एकमेकींवर अगदी बरोबर जुळवून ठेवल्या. काय ऐकू येईल? तोच एक आवाज, फक्त जास्त मोठा.

आता तीच ओळ दहा वेळा नव्याने गा आणि ती दहा रेकॉर्डिंग एकत्र वाजवा. या वेळी आवाज भरदार आणि पसरलेला वाटेल. कारण कोणीही एकच ओळ दोनदा तंतोतंत सारखी गाऊ शकत नाही. कधी सूर किंचित वर लागतो, कधी शब्द थोडा उशिरा येतो, कधी श्वास वेगळ्या ठिकाणी सुटतो. एक आवाज ४४० हर्ट्झवर आणि दुसरा ४४२ हर्ट्झवर असेल, तर त्यांच्या मिश्रणात सेकंदाला दोनदा हलका चढउतार जाणवतो. असे अनेक चढउतार एकमेकांत मिसळले की मेंदू ठरवतो: इथे बरेच लोक गात आहेत.

आरतीला वीस माणसं उभी राहतात तेव्हाही हेच घडतं. समूहाच्या आवाजातला भरदारपणा या बारीक तफावतींतूनच येतो. या विषयातलं बाकीचं सगळं तंत्रज्ञान याच एका गोष्टीभोवती फिरतं.

सुरुवात कशी झाली?

हे तंत्र लोकप्रिय करण्यात अमेरिकी गिटारवादक लेस पॉल आणि गायिका मेरी फोर्ड या जोडीचा मोठा वाटा आहे. त्यांचं ‘हाऊ हाय द मून’ हे गाणं १९५१ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. त्यात मेरी फोर्ड स्वतःच स्वतःच्या साथीला आहेत.

त्या काळी प्रत्येक आवाजासाठी वेगळा ट्रॅक नसायचा. आधीचं रेकॉर्डिंग वाजवायचं, त्यासोबत गायचं आणि दोन्ही मिळून पुन्हा टेपवर घ्यायचं. शेवटच्या थरात चूक झाली, तर आधीची मेहनतही वाया जायची.

पुढे मल्टिट्रॅक टेप आली आणि हे काम सोपं झालं. तरी पुन्हा पुन्हा गाण्याचा कंटाळा होताच. बीटल्सच्या जॉन लेनन यांना तो विशेष होता. म्हणून लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी १९६६ मध्ये युक्ती काढली. एकाच रेकॉर्डिंगची प्रत दुसऱ्या टेप मशीनवर किंचित उशिरा आणि कमी-जास्त वेगाने वाजवायची. म्हणजे जी तफावत माणसाकडून आपोआप येते, ती मशीनकडून मुद्दाम आणायची. आज ॲपमध्ये दिसणाऱ्या ‘कोरस’ इफेक्टमागचं तत्त्वही हेच आहे.

गायक तिघं, आवाज ६२४

१९७५ मध्ये ‘टेनसीसी’ या ब्रिटिश बँडने मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टमधल्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ हे गाणं तयार केलं. गाण्यामागे मोठा गायकवृंद ऐकू येतो, पण असा वृंद तिथे नव्हताच.

बँडमधल्या तिघांनी एकेक सूर नुसत्या ‘आ’कारात १६ वेळा गायला. म्हणजे एका सुराचे ४८ आवाज झाले. ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत, कोमल-तीव्र धरून १३ सूर होतात. ४८ गुणिले १३ म्हणजे ६२४ आवाज.

मग प्रत्येक सुराच्या टेपची टोकं जोडून तिचं कडं केलं, म्हणजे तो सूर न थांबता वाजत राहील. मिक्सरच्या एकेका पट्टीवर एकेक सूर आला. जो सूर हवा त्याची पट्टी वर, नको त्याची खाली. हार्मोनियमच्या जागी मिक्सर आणि पट्ट्यांमागे माणसांचे आवाज, असं ते वाद्य झालं.

व्होकोडर, हार्मनायझर, ऑटोट्यून: फरक काय?

आवाज बदलणारी ही तीन साधनं अनेकदा एकच समजली जातात. पण त्यांची कामं वेगळी आहेत.

• व्होकोडर: बोलण्यातले उच्चार घेऊन ते दुसऱ्या ध्वनीवर, उदाहरणार्थ सिंथेसायझरवर, चढवतो. बेल लॅब्सचे होमर डडली यांनी तो टेलिफोनच्या कामासाठी विकसित केला. दुसऱ्या महायुद्धात गुप्त संभाषणासाठीही तो वापरला गेला. नंतर जर्मनीच्या ‘क्राफ्टवर्क’सारख्या बँडनी तो संगीतात रुजवला.

• हार्मनायझर: गायलेल्या सुरासोबत त्याच आवाजात आणखी सूर तयार करतो. इमोजेन हीप यांचं ‘हाइड अँड सीक’ (२००५) हे गाणं याचं गाजलेलं उदाहरण आहे. त्या गाताना कीबोर्डवर जे सूर दाबतात, ते त्यांच्याच आवाजात उमटतात.

• ऑटोट्यून: हुकलेला सूर जागेवर आणतो. १९९७ मध्ये बाजारात आलेलं हे सॉफ्टवेअर अँडी हिल्डब्रँड यांनी बनवलं. त्याआधी ते तेलसाठे शोधण्यासाठी भूकंपलहरींच्या विश्लेषणाचं काम करत. १९९८ मध्ये शेर यांच्या ‘बिलीव्ह’मध्ये ही दुरुस्ती मुद्दाम इतकी झटपट ठेवली, की सूर घसरत न जाता पायऱ्यांसारखा उड्या मारतो.

यात एक गंमत आहे. कोरसच्या प्रत्येक थरावर कडक ऑटोट्यून लावलं आणि सगळे शब्दही एकाच क्षणी जुळवले, तर तफावत पुसली जाते. कोरस पुन्हा एकाच यांत्रिक आवाजासारखा वाटू लागतो.

एआयमुळे काय बदललं?

आतापर्यंतच्या सगळ्या प्रकारांत एक अट होती: मूळ गायकाला निदान एकदा तरी ते गाणं गावं लागायचं. एआयने ही अटच काढून टाकली. एखाद्या गायकाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून त्याच्या आवाजाचं मॉडेल तयार होतं. मग दुसऱ्या कोणीतरी गायचं आणि मॉडेल त्या गाण्यावर मूळ गायकाचा पोत चढवतं.

ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ (२०२४) या तमिळ चित्रपटात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज असेच वापरले. कुटुंबीयांची परवानगी घेतल्याचं आणि त्यांना मोबदला दिल्याचं त्यांनी जाहीरपणे सांगितलं.

पण परवानगी न घेताही हे करता येतं. म्हणूनच प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिलं. कलाकाराच्या संमतीशिवाय कोणाचाही आवाज त्याच्या आवाजात बदलून देणारी एआय साधनं उपलब्ध करणं, हे व्यक्तिमत्त्व हक्कांचं उल्लंघन असल्याचं न्यायालयाने प्रथमदर्शनी म्हटलं.

अडचण अशी, की भारतात व्यक्तिमत्त्व हक्कांसाठी स्वतंत्र कायदा नाही. कॉपीराइट कायद्यात कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क आहे. पण क्लोन केलेलं गाणं त्याने कधी सादरच केलेलं नसतं. शिवाय न्यायालयात जाणं नामवंतांना परवडतं. कोरसमध्ये उभं राहून गाणाऱ्या, ज्यांची नावं श्रेयनामावलीतही क्वचितच दिसतात, त्यांचं काय?

मेरी फोर्ड किंवा टेनसीसी यांच्या गाण्यातल्या प्रत्येक थरासाठी कोणीतरी माइकसमोर उभं राहून श्वास घेतला होता. पुढच्या वेळी गाण्यात भरदार कोरस ऐकलात, तर तो किती जणांचा आहे यासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: त्यातल्या किती जणांना विचारलं होतं?