मिसेसचं नाव

मिशनच्या जुन्या अहवालांमध्ये एक ठरलेली ओळ असते. आधी ठाण्याचं नाव, मग 'रेव्हरंड अमुक आणि मिसेस अमुक'. कधी तर आडनावही एकदाच येतं आणि 'मिसेस' हा शब्द नुसताच त्याच्या आगेमागे लोंबकळत राहतो. दोन वर्षांपूर्वी अशाच काही कागदांचा अनुवाद करत होते, तेव्हा या ओळीपाशी मी अडले. पहिल्यांदा 'सपत्नीक' लिहिलं. ते सत्यनारायणाला बसल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून खोडलं. आपल्याकडे पूर्वी बायकोला 'कुटुंब' म्हणत, 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' असं. तो शब्द अर्थाच्या जवळ जाणारा होता, पण आजचा वाचक त्यात चार मुलं आणि सासू-सासरेही मोजणार. शेवटी 'आणि मिसेस' तसंच ठेवलं आणि पुढे गेले. मनातून मात्र ते गेलं नाही.

कागद जबलपूरचे होते आणि जबलपूर माझं आजोळ. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७ मध्ये संपला, तरी मराठी घरं तिथं राहिली. नंतर इंग्रजी कचेऱ्यांच्या आणि रेल्वेच्या नोकरीपायी आणखी आली. आजी नेपियर टाउनमध्ये राहायची. तिच्या मराठीत भाजी 'काटली' जायची आणि पाहुण्यांना 'बसवलं' जायचं. त्या घरात विणकामाची एक सुई होती आणि एक विशिष्ट वीण होती, तिला आजी 'मेमची वीण' म्हणायची. मिशनच्या बंगल्यातल्या कुणा बाईंनी तिला लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात शिकवलेली. त्या बाईंबद्दल याहून जास्त कधी बोलणं झालं नाही.

मिशनऱ्यांना जबलपूर सोयीचं का वाटलं, याचं उत्तर नकाशात आहे. ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडून आलेला आणि अलाहाबादकडून आलेला असे दोन लोहमार्ग इथं जोडले गेले आणि मुंबई ते कलकत्ता हा प्रवास सलग आगगाडीने होऊ लागला. त्याच्या आदल्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला होता. याआधी येणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. डोनल्ड मॅकगॅव्हरन या मिशनऱ्याचे आजी-आजोबा, अँडरसन पतिपत्नी, १८५४ मध्ये शिडाच्या जहाजातून केप ऑफ गुड होपला वळसा घालून हिंदुस्थानात आले. त्यांची मुलगी हेलन इथंच जन्मली, इथं आलेल्या जॉन मॅकगॅव्हरन या अमेरिकन मिशनऱ्याशी तिचं लग्न झालं, आणि त्यांचा मुलगा डोनल्ड १५ डिसेंबर १८९७ रोजी दमोहला जन्मला. दमोह म्हणजे जबलपूरहून शंभरेक किलोमीटर. हा दुष्काळाचा काळ. दमोहच्या मिशनमधला अनाथाश्रम तेव्हा मुलांनी भरलेला होता. परदेशात जाऊन सेवा करणं हे शब्द अशा माणसाला कसे लावायचे, हा प्रश्न मला पडतो. त्याचं परदेश कोणतं?

डोनल्डचं लग्न १९२२ मध्ये झालं. मेरी हॉवर्ड ही इंडियाना राज्यातली मुलगी. तिच्यासाठी मात्र हा परदेशच होता. १९२३ मध्ये दोघं हरद्याला आली. हरदा हे 'डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट' या पंथाचं इथलं सर्वांत जुनं ठाणं. डोनल्डकडे शाळांचं काम होतं. १९३२ मध्ये त्याला मिशनचा सचिव-खजिनदार म्हणून निवडलं गेलं आणि बिऱ्हाड जबलपूरला हललं. ऐंशी मिशनरी, पाच इस्पितळं, शाळा, कुष्ठरोग्यांचं आश्रयस्थान, एवढा सगळा पसारा या एका कचेरीतून चालायचा.

डोनल्डच्या या काळाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मेरीबद्दल जे सापडतं ते असं: सहा मुलं झाली, थोरली मुलगी लहानपणीच गेली. तरीही त्या घरातला दिवस कसा उलगडत असेल, ते मिशनच्या चाकोरीवरून बरंच सांगता येतं, कारण या बंगल्यांची चाकोरी फारशी बदलत नसे. उन्हाच्या आधी उठणं, छोटी हाजरी. नवीन आलेल्यांनी पहिली वर्षं मुन्शीपुढे बसून काढायची, भाषेची परीक्षा दिल्याशिवाय काम मिळत नसे. मग ओसरीवर जमलेली माणसं: कुणाला कुनैन, कुणाला शिफारसपत्र, कुणाला भांडणाचा निवाडा. खानसामा, आया, धोबी, भिश्ती, माळी यांचे हिशेब. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडीचा दौरा, म्हणजे तंबू, बैलगाडी, आणि बैलगाडीत चहाच्या किटलीसकट सगळं घर. एप्रिल-मे मध्ये जमलं तर पहाड, मुलांची शाळा बहुतेकदा मसुरीच्या वर लँडोरला. सात-आठ वर्षांनी एकदा मायदेशी रजा, आणि तिथंही देणगीसाठी चर्चा-चर्चांमधून भाषणं.

यातलं काय कुणाच्या वाट्याला होतं ते पाहिलं की 'आणि' या शब्दाचं वजन कळतं. दौरा आणि अहवाल त्याचे. मुन्शी दोघांचा. बाकी बहुतेक तिचं. जबलपूर जंक्शन असल्यामुळे सचिवाच्या घरी जेवणाच्या टेबलावर कोण कधी बसेल याचा नेम नसणार, हे आजोळी वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. आमच्याकडेसुद्धा गाडी बदलायला उतरलेले नातेवाईक दोन-दोन दिवस राहायचे आणि आजीला ते आगगाडीच्या शिट्टीवरून कळायचे, निदान ती तसं म्हणायची. मिशनचा पगार नवऱ्याला मिळे. बायकोचं काम त्यातच धरलेलं असे.

मराठी वाचकाला मिशनमधल्या जोडप्याचं घर आतून दाखवणारं पुस्तक मात्र बायकोनेच लिहिलेलं आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात निघाली. नेमक्या त्याच वर्षांत मॅकगॅव्हरन पतिपत्नी जबलपूरला होती. आपण ते पुस्तक विनोदासाठी, भाषेसाठी वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण मिशनच्या आवारात कुणाच्या हातचं पाणी चालतं, चूल कुठे मांडायची, पगारातून काय उरतं, दारी आलेल्या पोरक्या पोराला कुठे झोपवायचं, याचा एवढा बारीक तपशील मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही. इंग्रजी अहवालात हे सगळं 'गृहकृत्य' या एका शब्दाच्या पोटात जातं.

आणि टिळकांच्या गोष्टीची सुरुवातही मध्य प्रांताच्या आगगाडीतच आहे. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा माणूस भेटला, कवितेबद्दल बोलला आणि उतरताना त्यांच्या हातात बायबल ठेवून गेला. हा माणूस म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनचा अर्नेस्ट वॉर्ड असं मानतात. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि लक्ष्मीबाईंचा संसार काही वर्षं दोन ठिकाणी फाटून राहिला. डब्यातल्या त्या माणसाला हे कधी कळलं का, माहीत नाही. त्याची बायको फीबी वॉर्ड हीसुद्धा मिशनरी होती. तिने १९०८ मध्ये एक पुस्तक काढलं, त्याच्या नावात 'भरतखंड' हा शब्द आहे, 'इंडिया' नाही. 'भरतखंडातले प्रतिध्वनी' असं मी त्याचं मराठी करीन. संकल्प सोडताना भटजी जो शब्द म्हणतात तोच तिने निवडला. कुणाच्या तोंडून तो ऐकला असेल? १९१० मध्ये ती वारली. पुढे त्यांच्या मुलीने, एथेलने, आईवडिलांचं चरित्र लिहिलं; त्यात १८८० ते १९२७ एवढा काळ येतो. आईवडील दोघंही तिथं आहेत, कारण लिहिणारी मुलगी आहे.

मॅकगॅव्हरन पतिपत्नीकडे परत येते. जबलपूरला बसून सगळ्या मिशनचे जमाखर्च पाहताना डोनल्डला एक गोष्ट सलायला लागली: एवढी इस्पितळं, एवढ्या शाळा, एवढी माणसं, आणि पन्नास वर्षांत उभ्या राहिलेल्या मंडळ्या वीस-तीस, त्याही लहान. जे. वॉस्कम पिकेट यांच्या अभ्यासाने तो भारावला होता. त्यांच्याबरोबर आणि जी. एच. सिंग यांच्याबरोबर त्याने मध्य भारतातल्या मिशनकार्यावर एक पाहणी लिहिली. ती १९३६ मध्ये जबलपूरच्याच मिशन प्रेसमध्ये छापली गेली. ज्या कचेरीचे हिशेब आपण ठेवतो तीच कमी पडते आहे, असं छापून सांगणाऱ्या सचिवाचं पुढे काय होतं ते कुठल्याही संस्थेत काम केलेल्या माणसाला विचारावं. त्याची फेरनिवड झाली नाही. बिऱ्हाड पुन्हा हललं, या वेळी बिलासपूरकडे, तखतपूरला. डोनल्ड चाळिशीला आलेला, मेरी जवळपास त्याच वयाची. जबलपूरसारख्या छावणीच्या शहरातून धानाच्या मुलखात. पुढची सतरा वर्षं तिथं गेली, म्हणजे त्यांचं प्रौढपण आणि म्हातारपणाची सुरुवात.

तखतपूरच्या आसपास सतनामी समाज मोठा. गुरू घासीदासांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभा केलेला, मूर्तिपूजा आणि जातीचा विटाळ नाकारणारा पंथ. त्यांच्यासाठी डोनल्डने शुभवर्तमानांचा छत्तीसगढी अनुवाद केला. इथं माझे कान टवकारतात. जबलपूरची हिंदी येते म्हणून छत्तीसगढी येत नाही. माझ्या मामाला विचारा, रायपूरला बदली झाल्यावर पहिले सहा महिने त्याने बाजारात बोटांनी भाव ठरवले. दमोहला जन्मलेल्या माणसाच्या वाक्यात छत्तीसगढीचा लहेजा कुणीतरी घातला असणार. कुणीतरी शेजारी बसून 'असं नाही म्हणत आम्ही' असं शंभरदा म्हटलं असणार. 'कृपा', 'पाप', 'राज्य' या शब्दांना भातखाचरातला शब्द कुणी सुचवला? अनुवादावर नाव एकाचं राहतं. हे फक्त मिशनमध्ये घडतं असं नाही. माझ्या पहिल्या अनुवादात बुंदेली संवादांचा अर्थ मला आजीच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी सांगितला होता, आणि ऋणनिर्देशात मी एका प्राध्यापकांचे आभार मानले आहेत.

तखतपूरच्या अनुभवातून डोनल्डचं जे पुस्तक झालं, ते १९५५ मध्ये निघालं. त्याच्या नावात 'पूल' आहे. नातेवाईक, जातभाई, सोयरे हे पूल. माणसं त्यांच्यावरून एकत्र चालत येतात, आणि एकेकाला उचलून मिशनच्या आवारात आणून ठेवलं की पूल तुटतो, असं त्याचं म्हणणं. बंगला, कुंपण, बंगल्याच्या आश्रयाने राहणारी मंडळी, या रचनेवर त्याने त्यात कडक टीका केली आहे. बंगल्यात जन्मलेल्या, बंगल्यात आयुष्य काढलेल्या माणसाने. त्याचा हेतू अर्थातच जास्त लोक ख्रिस्ती व्हावेत हा होता, आणि तो त्याने लपवला नाही. मला त्या हेतूशी कर्तव्य नाही. पण ज्या नुकसानाकडे तो बोट दाखवतो ते खरं आहे. लक्ष्मीबाईंचा तुटलेला पूल आपण वाचला आहे. टिळकांनी तर १९१७ मध्ये मिशनची नोकरीच सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले सगळे बसतील असा 'देवाचा दरबार' मांडला. तो मार्ग आणि मॅकगॅव्हरनचा मार्ग एक नव्हे. कुंपण दोघांनाही टोचलं एवढं खरं.

१९५४ मध्ये मॅकगॅव्हरन पतिपत्नी भारतातून निघाली ती इथं पुन्हा राहायला आली नाहीत. त्याच वर्षी मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. समिती चौदा जिल्ह्यांत फिरली. तिचा अहवाल १९५६ मध्ये नागपूरला निघाला. पैसा बाहेरून येतो, सेवेच्या आडून धर्मांतर होतं, हे तिचे निष्कर्ष आजही दोन्ही बाजूंनी हत्यारासारखे वापरले जातात. आमच्या घरात आजोबा त्या अहवालाच्या बाजूचे होते, आणि त्याच घरात आजी 'मेमच्या विणीचे' स्वेटर घालायला लावायची. दोघांचं यावरून भांडण झाल्याचं मला आठवत नाही. आजोबांच्या अंगातलं बिनबाह्यांचं जाकीटही त्याच विणीचं होतं.

मेरी आणि डोनल्ड दोघंही १९९० मध्ये वारली, कॅलिफोर्नियात, काही महिन्यांच्या अंतराने. आधी ती. त्याने लिहिलेल्या पुस्तकांची यादी लांब आहे. तिची पत्रं कुठे कुणाच्या पेटीत असतील तर ती मला वाचायची आहेत, त्यातही तखतपूरची. किराणा कुठून यायचा, पावसात छप्पर गळायचं का, मुलं लांब शाळेत गेल्यावर संध्याकाळी दोघं काय बोलत, कोणत्या भाषेत.

गेल्या महिन्यात आईला फोनवर विचारलं, आजीला वीण शिकवणाऱ्या त्या बाईंचं नाव काय होतं. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मिसेस काहीतरी."

अनुवादाचा खर्डा आता पुन्हा हातात घेतला आहे. जिथं दुसऱ्या कुठल्या कागदावरून बाईचं नाव मिळालं, तिथं ते घातलं: 'डोनल्ड आणि मेरी'. जिथं मिळालं नाही, तिथं 'आणि मिसेस' जसंच्या तसं आहे. संपादकांनी समासात पेन्सिलीने लिहिलंय, 'एकसारखं करावं.' मी अजून केलेलं नाही.