झेमाइते : भाषा निवडणारी लेखिका

लिथुआनियाने १९९४ मध्ये काढलेल्या एक लितासच्या नोटेवर डोक्याला रुमाल बांधलेल्या एका वृद्धेची मुद्रा होती. (२०१५ साली युरो आला आणि लितास चलनातून गेले.) ही शेतकरी स्त्री म्हणजे कथालेखिका झेमाइते. मातीतून आपसूक उगवलेली प्रतिभा, असे तिचे वर्णन होते. आम्हांस ते अपुरे वाटते.

युलिया बेन्युशेविच्युते हे तिचे मूळ नाव. १८४५ साली प्लुंगेजवळ, दारिद्र्यात आलेल्या एका खानदानी कुटुंबात ती जन्मली. घरची भाषा पोलिश. कुळांच्या मुलांत मिसळण्यास मज्जाव. तरीही तिने त्यांची बोली आत्मसात केली. १८६५ मध्ये लाउरिनास झिमान्तास या पूर्वाश्रमीच्या भूदासाशी तिने विवाह केला. पुढची तीस वर्षे शेती, मुले आणि दारिद्र्य यांत गेली. लिथुआनियन ही तिची मातृभाषा नव्हे, पत्करलेली भाषा होती.

आणि ती भाषा छापणे हा गुन्हा होता. १८६३च्या उठावानंतर झारशाहीने रोमन लिपीतील लिथुआनियन मुद्रणावर घातलेली बंदी १९०४ पर्यंत टिकली. पुस्तके प्रशियात छापली जात आणि पाठीवरून चोरट्या वाटांनी सीमेपार येत. पोविलास विशिन्स्किस या तरुण शेजाऱ्याने तिला लिहिते केले. १८९४ मध्ये पहिली कथा छापून आली तेव्हा तिची पन्नाशी जवळ आली होती. व्याकरणकार योनास याब्लोन्स्किस यांचा हात तिच्या मजकुरावरून फिरला, हेही विसरू नये.

'मार्ती' म्हणजे सून. १८९६च्या या कथेतील कात्रे ही धडपडी मुलगी कर्जबाजारी घरात दिली जाते, कारण त्या घराला तिचा हुंडा हवा असतो. ती अस्ताव्यस्त घर सावरू पाहते, त्याचीच चेष्टा होते. अखेर ती खंगून मरते. येथे राक्षसी सासू नाही. आहेत ती आळशी, गचाळ, आपल्यापरीने सुखी माणसे. म्हणूनच कथा अधिक बोचते. कात्रेचा बळी क्रौर्य घेत नाही, दोन कुटुंबांतला व्यवहार घेतो. लेखिका कळवळा उच्चारून दाखवीत नाही. माणसांना बोलू देते. तो संवाद वाचताना वाटते, परक्या कानाने ऐकलेली भाषाच इतकी नेमकी उतरत असावी.

१९०७ साली कौनास येथील पहिल्या लिथुआनियन महिला परिषदेत ती सहभागी झाली. महायुद्धात, वयाच्या सत्तरीत, ती अमेरिकेला गेली. युद्धपीडितांसाठी गावोगावच्या लिथुआनियन वस्त्यांतून निधी जमवीत राहिली. १९२१ मध्ये ती परतली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मारियाम्पोले येथे वारली.