खाडी हटवण्याचा अर्ज, खाडी राखण्याचा अर्ज

बखर, महजर, करीना, कैफियत ही ऐतिहासिक मराठी गद्याची रूपे आपण वर्गात शिकवतो. ज्या कागदाने सर्वसामान्य माणसाचा राज्यसत्तेशी सर्वाधिक संबंध आला, त्या अर्जाकडे मात्र वाङ्मयाचा अभ्यासक सहसा वळत नाही. अर्जात मागणारा स्वतःची ओळख देतो, देणाऱ्याची इच्छा ओळखतो, आणि मागितलेली वस्तू देणाऱ्याला रुचेल अशा शब्दांत मांडतो. म्हणून एकाच भूमीविषयी निरनिराळ्या काळात लिहिलेले अर्ज शेजारी ठेवले, तर त्या भूमीपेक्षा देणाऱ्याचे मन अधिक स्पष्ट दिसते. कोकणची खाडी हे याचे उत्तम उदाहरण आहे.

कुलाबा आणि ठाणे जिल्ह्यांत भरतीचे पाणी जिथवर चढते, तिथे तिवर, चिपी, कांदळ अशी झाडे चिखलात वाढतात. ही जमीन लागवडीखाली आणायची तर समुद्राला बांध घालावा लागे, पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी त्यात उघाडी ठेवावी लागे, आणि जमिनीतील खार धुऊन निघेपर्यंत काही वर्षे थांबावे लागे. एवढा खर्च एकट्या कुळाच्या आवाक्यातला नव्हता. तेव्हा पैसा असलेला माणूस सरकारकडे मागणी करी आणि सरकार कौल देई. आरंभीची काही वर्षे सारा माफ, पुढे चढत्या दराने इस्तावा, अशी त्याची सर्वसाधारण रीत होती. आजच्या भाषेत हे अनुदानच होय. फक्त रोख न देता येणे सोडून दिले जाई. पेण आणि अलिबाग भागातील शिलोत्री पद्धत याच व्यवहारातून रुजली. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये तिची माहिती आहे. बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रदाराकडे असे आणि त्यासाठी तो कसणाऱ्यांकडून धान्याचा वाटा घेई.

'कौल' या शब्दाचा कोकणातला दुसरा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. देवापुढे कौल लावतात, आणि देव उजवा किंवा डावा कौल देतो. सरकारी कौल आणि देवाचा कौल या दोहोंत मागणारा खाली उभा असतो आणि वरून शब्द मिळतो. परंतु सरकारी कौलात एक गोष्ट ठळक होती. कौल ज्याच्या नावाने मिळे तो एक, आणि गुडघाभर चिखलात उभे राहून बांध घालणारा दुसरा. हे अंतर पुढे किती वाढले, ते चरीच्या संपाने दाखवले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातील खारेपाटातल्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. समुद्र हटवून जमीन ज्यांनी केली, त्यांचे नाव त्या जमिनीच्या कागदावर नव्हते, हा त्या लढ्याचा गाभा होता.

स्वातंत्र्यानंतर बांधांची जबाबदारी शासनाने उचलली. १९४८ मध्ये मुंबई राज्याचा खारजमीन कायदा आला, आणि १९७९ मध्ये त्याची जागा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने घेतली. 'विकास' या शब्दाचा अर्थ येथे निःसंदिग्ध आहे. खारे पाणी बाहेर ठेवणे म्हणजे विकास. या भाषेत तिवराचे रान हा अडथळा, फार तर जळण.

यानंतर पाव शतकात भाषा उलटली. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१२ मध्ये वनविभागात कांदळवन कक्ष स्थापन झाला, २०१५ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान. आता पैसा मिळू लागला तो समुद्र आत येऊ देण्यासाठी.

या नव्या पैशाचा मोठा अर्ज सिंधुदुर्गासाठी झाला. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले होते. मच्छीमारांना विश्वासात न घेतल्याने त्याला दीर्घकाळ विरोध राहिला. २०११ च्या सुमारास जागतिक पर्यावरण सुविधा या निधीने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी सुमारे ३४ लाख डॉलरचे अनुदान दिले. या निधीच्या अर्जाची रचना अभ्यासण्याजोगी आहे. पैसा न मिळाल्यास काय घडेल याची कथा आधी सांगायची, मिळाल्यास काय घडेल याची नंतर, आणि दोहोंतील फरकापुरता वाढीव खर्च मागायचा. तोही जगाचा लाभ दाखवून. मालवणच्या कोळ्याचा लाभ त्यात पुरेसा ठरत नाही; त्याच्या समुद्रातील प्रवाळ मानवजातीचे आहे असे सिद्ध करावे लागते. या प्रकल्पातून चौकोनी आसाची जाळी, खेकडापालन, प्रवाळाचे तुकडे चौकटींवर लावण्याचा प्रयोग आणि वेंगुर्ल्यात स्वयंसिद्धा गटातील स्त्रियांची कांदळवन सफर अशी कामे उभी राहिली.

ऑक्टोबर २०१८ मध्ये हरित हवामान निधीने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा यांच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर केले. येथे तेच कांदळवन वादळ अडवणारी भिंत झाले. खाडीतील झाड तेच राहिले. ते कधी अडथळा होते, मग जैवविविधता झाले, मग हवामानाची ढाल. २०२३ मध्ये केंद्राची 'मिष्टी' योजना आली, तिचे उद्दिष्ट सुमारे ५४० चौरस किलोमीटर. क्षेत्रफळ मोजता येते, म्हणून अर्जात रोपांचे आकडे सहज बसतात. वास्तविक अनेक ठिकाणी रोप लावण्यापेक्षा अडवलेली भरती मोकळी करणे पुरते. पाणी आले की बी आपसूक येते आणि रान आपसूक उगवते.

नेमका येथेच खरा पेच आहे. पेण परिसरात उधाणाने बांधाला खांड पडली की भातशेतीत खारे पाणी शिरते, आणि दुरुस्ती रखडली की काही वर्षांत तिथे तिवर उभे राहते. मग शेतकरी बांधासाठी खारभूमी खात्याकडे अर्ज करतो, आणि तेच शिवार दुसऱ्या कार्यालयाच्या लेखी संरक्षणयोग्य कांदळवन झालेले असते. एका सातबाऱ्यावर दोन अर्ज, दोन्ही कायदेशीर, दोन्ही परस्परविरोधी. निसर्गाने आपले परत घेतले असे एकाला वाटते. आजोबांनी समुद्रातून काढलेली जमीन गेली असे दुसऱ्याला. अर्जाचे नमुने यांपैकी एकच वाक्य लिहू देतात.

आखाडा बाळापूरसारख्या गावी बसून आपण खाडीची चिंता का करावी, असे कोणी विचारेल. कळमनुरी तालुक्यातून वाहणारी कयाधू पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेच्या रूपाने गोदावरीला. आपल्या शिवारातून वाहून गेलेली माती आणि खत अखेर काकीनाड्याजवळच्या कोरिंगाच्या कांदळवनापाशी पोचतात. सिंधुदुर्गासोबत त्याच निधीने गोदावरीच्या मुखाचा प्रकल्पही मंजूर केला होता. म्हणजे मराठवाड्याचे पाणी त्या अर्जात होते, मराठवाडा नव्हता. विहीर, शेततळे, पीकनुकसान यांचे अर्ज लिहून थकलेल्या आपल्या गावांना त्या कागदाची जात मात्र ओळखीची आहे.

मराठीच्या शिक्षकाला यात एक काम आहे. शासकीय मराठीचे आवडते क्रियापद 'करण्यात येईल' हे होय. लागवड करण्यात येईल, संवर्धन करण्यात येईल, स्थानिकांना सहभागी करून घेण्यात येईल. या प्रयोगात कर्ता लागत नाही, आणि जो लागत नाही तो हळूहळू विसरला जातो. कौलाच्या कागदावर कूळ नव्हते, अभयारण्याच्या अधिसूचनेत मच्छीमार नव्हता. हरित हवामान निधीकडे गावाला थेट अर्ज करता येत नाही. तो मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच जातो. गाव अर्जात येते ते 'लाभार्थी' म्हणून. लाभार्थी हे नाम, पण वाक्यात ते नेहमी द्वितीयेत किंवा चतुर्थीत.

कांदळवन सहव्यवस्थापन समित्या आणि वेंगुर्ल्याच्या गटासारखे उपक्रम या व्याकरणाला पडलेले छेद आहेत, आणि म्हणून त्यांचे महत्त्व पैशाच्या रकमेहून मोठे आहे. किनारा पूर्ववत करण्यासाठी निधी हवाच. परंतु चरीच्या कुळांनी सहा वर्षे उपास सोसून जी दुरुस्ती मागितली, ती अजून सर्वत्र झालेली नाही: जो चिखलात उभा राहतो, त्याला त्या वाक्याचा कर्ता करावा.