कडी

तेरला उत्खननात सापडलेल्या वस्तूंमधे भाजलेल्या मातीची काही पदकं आहेत. रोमन नाण्याचा साचा घेऊन केलेली, म्हणजे चक्क नक्कल. त्यावर सम्राटाचा चेहरा, आणि गळ्यात घालता यावं म्हणून वरच्या बाजूला भोक किंवा मातीचीच छोटीशी कडी. ज्याला खरं नाणं परवडत नव्हतं त्यानं मातीचं घातलं. इमिटेशन ज्वेलरीला आपण उगाच नावं ठेवतो, आपल्या जिल्ह्यात ती जवळजवळ दोन हजार वर्षं जुनी आहे :-)

तेर माहीत नसलेल्यांसाठी (पुण्यातली भावंडं, तुम्हालाच म्हणतेय): धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर, तेरणेच्या काठचं गाव. गोरोबाकाकांचं गाव म्हणून आपण जातो, समाधीला नमस्कार करून, त्रिविक्रमाचं देऊळ बघून परत येतो. पण हेच जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं लिहिलंय. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून साधं कापड नि मलमल गाड्यांमधून भडोचला जाई. १९०१ साली फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं तगर म्हणजेच तेर हे दाखवून दिलं. पुढं गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांतून निघालेल्या वस्तू हजारोंच्या संख्येनं जमवल्या, त्यातून तिथलं संग्रहालय उभं राहिलं. गेला नसाल तर जरूर जा.

मी तिथे मणी बघायला जाते. अकीक, कार्नेलियन, काच, शंख... डोळे फिरतात. आणि दर वेळी मला एकच प्रश्न पडतो: हे सगळं जोडलेलं कशानं होतं? दोरा कुजला हे उघड आहे. पण तार, कडी, आकडा? दगडाचा मणी कुणी वितळवत नाही. सोन्याचांदीची तार मात्र तुटली की सोनाराकडे जाते, वितळते आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दागिन्यात जाऊन बसते. त्यामुळे दागिन्यांचा इतिहास आपल्याला मण्यांचा म्हणूनच सापडतो. जोडणाऱ्याचा भाग मधून गळून गेलेला असतो.

हे डोक्यात यायचं कारण म्हणजे गेली काही वर्षं मी माझ्या कानातल्यांचे आकडे आणि कड्या स्वतः करते. बाजारात पाकिटात मिळतात ते आकडे बहुतेक पितळेवर मुलामा दिलेले. दोन महिन्यांत पिवळे पडतात आणि आमच्या घराण्याचे कान तर काय सांगावं, लगेच चिघळतात. (आत्या, तू हसू नकोस, तुझ्याकडूनच आलंय हे.)

चांदी मुळात आपल्याकडची नाहीच. राजस्थानातल्या जावरसारख्या थोड्या खाणी सोडल्या तर दख्खनमधे चांदी आली ती बाहेरून. पेरिप्लसमधेच भडोचला उतरणाऱ्या मालात रोमन सोन्याचांदीची नाणी आहेत, आणि राजासाठी चांदीची भारी भांडीही. सातवाहनांची रोजची नाणी शिशाची नि पोटीनची, चांदीची त्या मानानं कमी. १९०६ साली नाशिककडे जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र सापडली, नहपान क्षत्रपाची. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. शत्रूची चांदीसुद्धा टाकून देण्यासारखी नव्हती, एवढं त्यावरून कळतं.

तारेचं तंत्रही तेव्हा वेगळं होतं. आज आपण जंतरातून तार ओढतो (मंतरवालं नव्हे, पोलादाची भोकं पाडलेली पट्टी, प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा थोडं लहान). प्राचीन जगात बहुतेक तार अशी ओढत नसत. पत्र्याची अरुंद पट्टी कापायची, तिला पीळ द्यायचा आणि दोन सपाट पृष्ठांमधे लाटायची, आपण वात वळतो तशी. भिंगाखाली पाहिलं तर अशा तारेवर मळसूत्रासारखी फिरत गेलेली बारीक रेघ दिसते. जुन्या दागिन्याची नक्कल ओळखायला तज्ज्ञ हीच रेघ शोधतात. मी एकदा पीळ देऊन तार करून पाहिली. होते, पण एक वीत तार करायला अख्खी दुपार गेली.

जंतरानं काम कसं होतं ते सांगते, कारण दोघातिघींनी विचारलंय. मुशीत चांदी सवागी घालून वितळवायची, लगड ओतायची, ऐरणीवर ठोकून चौकोनी कांब करायची. टोक कानशीनं निमुळतं करून जंतराच्या भोकातून काढायचं, सांडशीनं धरायचं आणि ओढायचं. चारसहा भोकं झाली की चांदी कडक होते, अजून ओढली तर तुटते. मग भाजायची. दिवा मालवून, अंधारात, मंद लाल दिसेपर्यंतच. त्याच्यापुढे गेलं की गोळा झालाच म्हणून समजा. पाण्यात विझवायची, चिंचेच्या कोळानं काळेपण काढायचं, पुन्हा जंतर. कानातल्या आकड्याला ०.८ मिलिमीटरची तार पुरते. यातली खरी गोम अशी की शेवटची दोनतीन भोकं झाल्यावर भाजायची नाही. तो कडकपणा राहिला तरच आकडा आपला आकार धरून राहतो. शुद्ध चांदी यासाठी फारच मऊ, म्हणून शंभरात साडेसात भाग तांबं.

कड्या करायला तार विणायच्या सुईवर गुंडाळायची आणि बारीक करवतीनं एका रेषेत कापायची. कडी उघडताना तोंडं बाजूला सरकवायची, फाकवायची नाहीत. फाकवली की गोलाई परत येत नाही. कानात जाणारं टोक ओल्या पॉलिश पेपरवर घासून गोल करायचं. यात आळस करू नये.

आता साडेबाण्णव टक्क्यांची गोष्ट. ती काही परदेशातून शिकायला नको होती. १८३५ नंतरचा इंग्रजी रुपया, आपल्या म्हाताऱ्या माणसांचा 'कल्दार', बारा भागांत अकरा भाग चांदीचा होता, म्हणजे ९१.७ टक्के. वजन बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. सोनाराला त्याहून सोपं काय हवं? चार तोळ्यांचे वाळे हवेत, चार रुपये द्या. हिशोब करून पाहिला: एका कल्दारातून ०.८ची तार साधारण सव्वादोन मीटर निघावी. तूटफूट धरूनही चाळीसेक आकडे.

पण आपण निजामाच्या राज्यात. आपल्याकडे व्यवहार 'हाली'चा, चारमिनारवाल्या रुपयाचा. तो जरा हलका, साधारण ११.२ ग्रॅम, आणि चांदी ८१.८ टक्के. सरकारी दर होता सात हाली म्हणजे सहा कल्दार. दोन्हींतली शुद्ध चांदी मोजली तर तो दर अगदी नेमका जुळतो! म्हणजे नाण्यावर कुणाचं नाव आहे याला बाजारानं काही किंमत दिलेली नव्हती, चांदी तेवढी मोजली होती. हालीत तांबं जास्त, म्हणून तार कडक होणार, वरचेवर भाजावी लागणार, काळीही लवकर पडणार. तरी आकड्यांना वाईट नाही. १९४० नंतरच्या इंग्रजी रुपयात मात्र निम्मीच चांदी, आणि १९४७ला तीही गेली, निकेल आलं.

चांदी घरातून गेली कधी, याचं उत्तर आमच्याकडे सगळ्या बायका एका आवाजात देतात: बहात्तरच्या दुष्काळात. तोडे, गोठ, दंडातल्या वाक्या, कमरपट्टा. सोनं फार घरांत नव्हतंच, चांदी हीच बायकांची बँक. आधी तोडे गेले, सर्वात शेवटी जोडवी. त्याच्या आधी १९६३च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरटवरचे दागिने करायला बंदी झाली आणि सोनारांच्या हातचं काम गेलं. ती नियंत्रणं पूर्ण उठायला १९९० उजाडलं. तोवर बापाकडून मुलाकडे जाणारा हात बऱ्याच घरांत थांबला होता. मला जंतर दिलं ते अशाच एका घरातल्या काकांनी. त्यांच्या मुलाचं मोबाइलचं दुकान आहे. मी पैसे विचारले तर म्हणाले, "वापर की. पडूनच हाय."

आता मुद्दा. आजीच्या डब्यात आठ रुपये निघालेत. पाच कल्दार, तीन हाली. आठही नाण्यांना वर कडी झाळलेली आहे, गळ्यात घालण्यासाठी. कड्या साध्या नाहीत. दोन बारीक तारा एकमेकींत पीळ घालून केलेल्या, आणि झाळ कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही. नाणी जमवणाऱ्याला दाखवली तर तो म्हणाला, कड्यांमुळे किंमत गेली, काढून घासून घ्या. सराफ म्हणाला वितळवा, तुम्हाला तार हवीच आहे. मोठ्या काकूंना वाटतं आठ नातवंडांत एकेक वाटावं.

मी कड्या काढणार नाही, कारण आजी कशी दिसायची ते फोटोंत आहे, पण तिच्या गावच्या सोनाराचा हात बाकी कुठेही उरलेला नाही. वितळवायला एक तुटका वाळा आहे, बाजारातला, यंत्रावरचा. त्याची तार चालू आहे. काकूंची सूचना मला मान्य आहे. फक्त हाली कुणाला आणि कल्दार कुणाला, हे दिवाळीला सगळे जमल्यावर चिठ्ठ्या टाकून ठरवू. येताना कुणाकडे अशीच कडी असलेलं नाणं असेल तर घेऊन या, भिंग माझ्याकडे आहे.