एकाच नावाची दोन फंक्शन्स

परवा ऑफिसात एका जुन्या बोर्डाचं यू-बूट घेऊन बसलो होतो. बोर्डावर दोन वेगळ्या जातीचे आयटूसी कंट्रोलर, आणि लिंकर काही केल्या ऐकेना. दोन्ही ड्रायव्हरांत 'आयटूसी रीड' याच नावाचं फंक्शन! मूळ लेखकाला शिव्या घालायच्या आधी म्हटलं, जरा इतिहास बघू.

वोल्फगांग डेंक यांनी पीपीसीबूट सुरू केलं, पॉवरपीसी बोर्डांसाठी. तेव्हा एका कामाला एकच ड्रायव्हर धरला, की भागायचं. पुढे एआरएम आलं, एक्स८६ आलं, आणि २००२ मध्ये नावही यू-बूट झालं. ड्रायव्हरांची रीत मात्र तीच राहिली.

शेवटी २०१४ मध्ये सायमन ग्लास यांनी पुढे नेलेलं ड्रायव्हर मॉडेल मुख्य कोडात आलं. त्यातला 'यूक्लास' म्हणजे सारखं काम करणाऱ्या डिव्हाइसांचा गट. वरचा कोड यूक्लासशी बोलतो, खाली ड्रायव्हर कितीही असोत. शिवाय डिव्हाइस आधी नुसतं नोंदवायचं, जागं करायचं ते लागेल तेव्हाच. बूट लवकर व्हायला हवं ना!

मग शिव्या गिळल्या. जुन्यांचं चुकलं नव्हतं, त्यांचे बोर्ड साधे होते. आता सोमवारी लीडला सांगायचंय: ठिगळ नको, नव्या मॉडेलवर नेऊ, दोन आठवडे द्या. बघू, ऐकतो का!