कधीच न दाखवलेली स्लाइड

परवा गावाहून काकांच्या स्लाइड्सचे दोन डबे आणले. गाव पारनेर तालुक्यातलं, जिल्हा नगर (2024 पासून अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय). काका अमेरिकेत होते. सुट्टीला यायचे तेव्हा कॅमेऱ्यात कोडॅक्रोम असायची आणि रोल धुवायला परत तिकडेच जायचा.

आधी तारखांप्रमाणे लावायला बसलो. पुठ्ठ्याच्या चौकटीवर 'जुलै 73' असा छाप होता, मी फोल्डरला तेच नाव दिलं. आई म्हणाली, "अरे, भाऊजी मे महिन्यात आले होते. जुलैत पाऊस लागला होता." छाप रोल धुतल्याचा असतो, फोटो काढल्याचा नाही!

मग रंग. लग्नाच्या, भंडारदऱ्याच्या सहलीच्या स्लाइड्स पार विटलेल्या. एकच लखलखीत : रणरणत्या उन्हात खडी फोडणाऱ्या सहा बायका आणि त्यांच्यात माझी आजी. कोडॅक्रोम (1935 ते 2009) अंधारात वर्षानुवर्षं छान टिकते, पण प्रोजेक्टरच्या उजेडात तिचे रंग उडतात. म्हणजे बघा, जे हौसेनं पाहिलं ते विटलं. ही स्लाइड घरात कधी लावलीच नव्हती.

का? 1972 चा दुष्काळ. मे 1973 मध्ये राज्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती : खडी, रस्ते, पाझर तलाव. खायला अमेरिकेची लाल मिलो. रोजगार हमी योजना याच काळात उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. आपण हे पुस्तकात अभिमानानं वाचतो. घरात मात्र जमीनवाल्यांची बाई खडीवर गेली याची लाज.

स्कॅनिंग त्या मानानं सोपं. 4000 डीपीआय, टिफ फाइल, तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई कोडॅक्रोमवर नीट चालत नाही, म्हणून धूळ आधी ब्लोअरनं उडवायची. पण आजीच्या शेजारच्या पाचजणी कोण? आईला तिघींची नावं आठवली.

उरलेल्या दोघींना ओळखेल अशी एक म्हातारी गावात अजून आहे. पुढच्या शनिवारी लॅपटॉप घेऊन तिच्याकडे जातोय. दुसरा डबा स्कॅन करायचा राहिलाय, पण तो थांबू शकतो.