आकाशातली वीज, नेवाशाची जमीन

माझं आजोळ नेवासा तालुक्यातलं. लहानपणी बघायचो, मामा रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन पंप चालू करायला जायचा. लाईट तेव्हाच यायची! "दिवसभर एवढं ऊन, अन् लाईट मात्र रातीला," असं म्हणून वैतागायचा.

मामाला आवडली असती अशी कल्पना पीटर ग्लेझर या अमेरिकन इंजिनिअरने १९६८ साली 'सायन्स'मध्ये मांडली. सूर्य आपल्याकडे मावळतो, अवकाशात नाही. मग ३६,००० किलोमीटरवर, भूस्थिर कक्षेत सौर पॅनेल लावा, वीज मायक्रोवेव्हच्या रूपात खाली पाठवा आणि जमिनीवर अँटेनांच्या जाळ्याने तिची परत वीज करा. रात्रीसुद्धा! १९७३ मध्ये त्याला पेटंट मिळालं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनला दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून जास्त वीज वायरशिवाय पोचवूनही झाली.

पुढे नासा आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने आराखडा केला. एका उपग्रहाची वीज ५,००० मेगावॅट, आणि खालचं अँटेनांचं जाळं १० बाय १३ किलोमीटर. खर्चाच्या आकड्यांपुढे १९८१ च्या सुमारास सगळं गुंडाळलं गेलं.

मी उगाच नेवाशासाठी गणित केलं. आपण विषुववृत्ताच्या जास्त जवळ, त्यामुळे किरण कमी तिरपे येतात. तरी १० बाय ११ किलोमीटर होतात. म्हणजे सुमारे साडेआठ हजार हेक्टर!

आकडा बघितला आणि आजी आठवली. ग्लेझरचा लेख आला तेव्हा पैठणला जायकवाडीचं काम चालू होतं. १९६५ ला सुरू झालेलं ते धरण १९७६ ला पूर्ण झालं आणि नाथसागराखाली नेवासा तालुक्यातलीही गावं गेली. आजीचं माहेर त्यातलंच. पाण्याने मराठवाड्याची शेती भिजली हे खरंच, पण आजीला माहेरची वाट उरली नाही.

जाळीतून ऊन खाली झिरपतं, तिथे शेतीही करता येईल, असं या कल्पनेचे समर्थक सांगतात. असेलही. २०२३ मध्ये कॅलटेकच्या छोट्या उपग्रहाने अवकाशातून पाठवलेली ऊर्जा जमिनीवर टिपली गेली, म्हणजे विषय संपलेला नाही. आता चर्चा असते ती रॉकेट किती स्वस्त होणार याची. पण वीज आकाशातून आली तरी उतरणार कुणाच्या तरी वावरातच ना? आराखड्यात तो आकडा चौकोनी किलोमीटरमध्ये असतो. आजीकडे तो गावांच्या नावांत होता.

असो. मामाला फोन करून हे सगळं सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न, "जमीन कोणाची घेणार?"